माल्टा: व्हॅलेटात एका दिवसात काय काय उरकेल?

क्रूझ सकाळी आठला व्हॅलेटाला लागते, साडेचारला बोटीवर परत. आम्ही दोघंच, आणि ह्यांचे गुडघे कुरकुरतात. तिथले पायऱ्यापायऱ्यांचे रस्ते फोटोत बघूनच धडकी भरलीय. धक्क्याच्या बाजूने अप्पर बराक्का बागेत नेणारी लिफ्ट आहे, तिने वर जाऊन बारा वाजताची तोफ बघायची, एवढं नक्की. सेंट जॉन्स को-कॅथीड्रलमधलं काराव्हाज्जोचं १६०८ चं चित्र मला काही झालं तरी बघायचंय. ह्यांना मात्र म्दिना हे तटबंदीतलं जुनं शहरच हवंय! म्हणजे बसने जाऊन-येऊन दुपार गेलीच. दोन्ही जमेल का? की म्दिना सोडून होडीने बंदराच्या पलीकडच्या बिर्गू गावाला जावं? कॅथीड्रलचं तिकीट आधीच काढलेलं बरं का? बोटीवरची टूर नकोय, फार महाग आहे. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा ना.