४ मिमी बारवर व्यास हलतोय, बार गाइड बुशमध्ये अडकतोय

सेटर_भोसरी: स्लाइडिंग हेड मशीन (स्विस लेथ, हेड बार धरून पुढे-मागे सरकतं), रोटरी गाइड बुश (टूलजवळ बारला आधार देणारी, बारसोबत फिरणारी बाही). मटेरियल एसएस ३१६एल (स्टेनलेस स्टील), ४ मिमी, एच९ (बारच्या व्यासाच्या टॉलरन्सचा दर्जा). जॉब ४५ मिमी लांब, त्यातला ३८ मिमी भाग २.५ मिमी व्यासाचा, टॉलरन्स ±०.००५. एका बारभर माप बसतं, पुढचा बार लागला की ८ ते १२ मायक्रॉनचा फरक. मधूनच एखादा बार बुशमध्ये जाम होतो. ३८ पर्यंत रफ मारतो, हेड मागे घेऊन फिनिश. ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देऊन देऊन कंटाळा आलाय.

गाइडबुश: ऑफसेटला हात लावू नका, आधी बार मोजा. ४ मिमीला एच९ म्हणजे ० ते उणे ३० मायक्रॉन. बार १० मायक्रॉनने बारीक आला, तर कटच्या जोराने तो बुशमध्ये ५ मायक्रॉन बाजूला सरकतो आणि व्यासात पुरे १० दिसतात. तुमचा फरक तोच आहे. एच६ (८ मायक्रॉन) किंवा निदान एच७ (१२ मायक्रॉन) ग्राउंड (ग्राइंडिंग करून माप आणलेला) बार घ्या. महाग पडतो, पण रिजेक्शनपेक्षा स्वस्तच. सेंटरलेस ग्राउंड बारला तीन पैलू असतील (पूर्ण गोल नसेल) तर मायक्रोमीटर ते दाखवत नाही. व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून डायल लावा, बार फिरवा, काटा हलला की कळेल.

टर्नर७: वरचं बरोबर, पण जाम व्हायचं कारण मला सिक्वेन्समध्ये दिसतं. रफ झाल्यावर हेड ३८ मिमी मागे गेलं की बुशमध्ये ४ मिमीचा बार उरतच नाही, बारीक केलेला भाग येतो. आधार गेला! पुढे येताना ४ मिमीची पायरी बुशच्या मागच्या कडेला थडकते, कधी चिप ओढून आणते. स्विस मशीनवर टूल बुशपासून जेमतेम १ मिमीवर असतं, म्हणून एकाच कटमध्ये पूर्ण खोली घ्यायची. इथे ती बाजूला ०.७५ मिमी आहे, झेपेल. ६००० आरपीएम म्हणजे साधारण ७५ मीटर/मिनिट, फीड (एका फेऱ्यात टूल पुढे जाण्याचं अंतर) ०.०२ ते ०.०३ मिमी. इन्सर्ट धारदार, पॉझिटिव्ह, नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.२ मिमी; ०.४ ठेवलात तर जॉबला ढकलतं.

सेटर_भोसरी: एका कटमध्ये लांब चिप गुंडाळते, त्यामुळेच दोन कट केले होते.

टर्नर७: ३१६एल तसंच करतं. फीड ०.०४ करून ग्राउंड चिपब्रेकर लावा, तेलाची धार थेट टोकावर मारा. पाण्याचं कूलंट नको, नीट ऑइलच (पाणी न मिसळलेलं कटिंग तेल). तरी गुंडाळली तर समोरासमोर दोन टूल लावता येतात का बघा: रफचं पुढे, फिनिशचं किंचित मागे, हेड मागे न्यावंच लागत नाही. गाइड बुश काढून चालवायचा विचार मात्र सोडा, तो लांबी व्यासाच्या अडीच-तीन पटींपर्यंतच्या जॉबला.

गाइडबुश: बुश सेट करताना लॉटमधला सर्वात जाड बार निवडा. त्याचा हातभर तुकडा बुशमध्ये घाला, नट आवळा, हाताने ओढवेना झाला की हळूहळू सैल करा. किंचित अडकत सरकला पाहिजे. थंड मशीनवर घट्ट बसवला तर रोटरी बुश तापून तासाभरात धरतो. म्हणून स्पिंडल अर्धा तास फिरवून मगच आवळा, आणि बारच्या पुढच्या टोकाला चॅम्फर (तिरकी कड) असल्याशिवाय बार फीडरमध्ये टाकू नका.