ओतावालोचा बाजार नकली म्हणणाऱ्यांना

भुईकमळ:
सह्यवेडा यांनी काल लिहिलंय, "इक्वेडोरला गेलात तर ओतावालोचा शनिवारचा बाजार वगळा. सगळा यंत्रमागाचा, अ‍ॅक्रिलिकचा माल. तो दिवस मिंडोच्या मेघवनात घालवा, तिथं सगळं अस्सल." वाचून राहवलं नाही.
ओतावालोच्या किच्वा या मूलनिवासी विणकरांना स्पॅनिशांनी ओब्राहेंमध्ये, म्हणजे सक्तीच्या कापड कारखान्यांत, वेठीला धरलं. त्यांच्याच वंशजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी ट्वीडसारखं कापड विणून विकलं, आणि आज ते माल घेऊन युरोप-अमेरिका पालथी घालतात. गिऱ्हाईक ओळखून माल बदलणं हे त्यांचं जुनंच कसब आहे. तुम्हाला फोटो छान मिळावा म्हणून त्यांनी जन्मभर कमरेच्या मागावरच बसायचं का?

सह्यवेडा:
विणकरांना मी नावं ठेवलेली नाहीत. मला 'अल्पाका, हातमागाची' म्हणून 35 डॉलरला शाल विकली. घरी येऊन एक धागा जाळला, तर वितळून त्याची गुठळी झाली. पैठणीच्या नावाखाली यंत्रमागाची साडी गळ्यात मारली की येवल्याचा विणकर चिडतो. मी चिडलो तर चूक?

मिताक्षरी:
प्लासा दे लोस पोंचोसमध्ये, म्हणजे बाजाराच्या चौकात, हातमाग शोधलात, तिथंच फसलात. जवळच्या आगातो गावाला जायचं होतं. तिथं एका आजोबांनी कमरेला पट्टा बांधून विणताना दाखवलं. त्यांनी किंमत सांगितली आणि आमच्या गटातल्या एका बाईंनी थेट निम्म्याला मागितली. मला मान वर करवेना.
आणि मिंडोकडचं 'अस्सल' म्हणजे काय हो? आंहेल पास या शेतकऱ्याच्या रानात जायंट अँटपिटा नावाची पाखरं गांडुळं खायला येतात, तीही हाक मारल्यावर. पहिलीचं नाव त्यानं मारिया ठेवलं होतं. हे अस्सल, आणि अ‍ॅक्रिलिकचा पोंचो नकली?

रानवाटा:
पक्ष्यांना चारा घालून सवय लावणं मला साफ नामंजूर. पंचवीस वर्षं पक्षी बघतोय. लपणाऱ्या पाखरासाठी तासन् तास बसावं, दिसलं तर नशीब. हमिंगबर्डच्या साखरपाण्याच्या बाटल्यांभोवतीची गर्दी बघून मी परत फिरलो होतो.

मिताक्षरी:
तुम्ही परत फिरलात, पण त्या शेतकऱ्याला तिथंच राहायचंय. पाखरं बघायला लोक येतात म्हणून त्याचं रान उभं आहे. गांडुळं नको, मग त्यानं झाडं तोडून शेत वाढवायचं?

रानवाटा:
शब्द माझ्या तोंडी घालू नका. जंगल कायद्यानंही वाचतं. लोस सेद्रोसच्या मेघवनातलं खाणकाम 2021 मध्ये तिथल्या घटनापीठानं थांबवलंच ना? 2008 च्या घटनेत निसर्गालाच हक्क दिलेत.

भुईकमळ:
निकाल चांगलाच आहे. पण तो राखीव जंगलाचा होता. खाजगी उतारावरच्या चार एकरांसाठी कोण कोर्टात जाणार?

रानवाटा:
बरं, चार एकरवाल्याचं मान्य. पण पहाटेच्या अंधारात कॉक-ऑफ-द-रॉक पक्ष्याचे नर जमून ओरडतात ना, ते कुणी न चारता. ते ऐकून मग बोला.

सह्यवेडा:
गांडुळांच्या नादात माझी शाल कुठल्या कुठे गेली! आगातोचं मला माहीत नव्हतं, तेवढं 'बाजार वगळा' मागे घेतो. फसवणुकीचं घेत नाही. अ‍ॅक्रिलिक विकावं, खुशाल विकावं, पण अ‍ॅक्रिलिक म्हणून.

मिताक्षरी:
हे काल लिहिलं असतंत तर भांडलेच नसते. शाल उबदार आहे का, तेवढं सांगा.

सह्यवेडा:
आहे. आई रोज पांघरते.