प्रवासात आणि गप्पांच्या बैठकीत कोणते विणकाम सोबत घ्यावे?

प्रश्न: लांबच्या प्रवासात आणि मंडळी जमल्यावर मी विणकाम सोबत नेते, परंतु जाळीच्या नमुन्याकडे सतत लक्ष द्यावे लागत असल्याने संभाषणात मन राहत नाही. मोजदाद न करता पुढे नेता येईल, तरीही कंटाळा येणार नाही, असे काय निवडावे?

प्रतिसाद १: माझ्या मते तिरक्या विणीच्या रुमालाला तोड नाही. चार टाके घालून एक ओळ सुलट विणावी. त्यानंतर प्रत्येक ओळीत दोन टाके विणून सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावा आणि उरलेले टाके सुलट विणावेत. प्रत्येक ओळ सारखीच असल्याने, काम मध्येच पिशवीत टाकावे लागले तरी आपण कोठे होतो हे आठवावे लागत नाही. रुंदी मनासारखी झाली की टाके घटवावेत. तेवढ्यापुरते मात्र बोलणे थांबवलेले बरे!

प्रतिसाद २: मी गोल सुईवरची टोपी सुचवेन. दोन्ही टोके तारेने जोडलेली असल्यामुळे सुई आसनाखाली घरंगळत नाही आणि शेजाऱ्याला कोपरही लागत नाही. काठ घरीच विणून घ्यावा, मधला भाग प्रवासात सलग सुलट विणावा आणि माथ्याकडे टाके कमी करत जाण्याचे काम निवांत वेळेसाठी राखून ठेवावे.

प्रतिसाद ३: लोकर फिकट रंगाची आणि घट्ट पिळाची घ्यावी. काळ्या लोकरीवर मंद उजेडात निसटलेला टाका दिसत नाही, आणि सैल पिळाच्या धाग्यात सुईचे टोक वारंवार अडकते.