मदत हवी आहे: 'मी'ची कथा 'तो'ची करताना अडलेय

नोकरी सांभाळून लिहिते. रोज रात्री जेवणानंतर तासभर मिळतो, सुट्टीच्या दिवशी थोडा जास्त. ऑफिसातल्या बारीकसारीक गोष्टी वर्षभर वहीत टिपत होते, त्यातून एक कथा झालीये. साधारण ३,५०० शब्द, पहिला खर्डा पूर्ण.

अडचण अशी की कथा 'मी'मध्ये आहे आणि वाचलेल्या दोघींनीही ती माझीच हकिगत म्हणून वाचली. एकीने तर "मग साहेब काय म्हणाले?" असं विचारलं! म्हणून निवेदक पुरुष करून पाहिला. 'मी पाहिलं', 'मी लिहिलं' तसंच राहतं, पण 'गेले'चं 'गेलो', 'म्हणाले'चं 'म्हणालो' करताना सूरच बिघडला. मग पहिली चार पानं 'तो' वापरून लिहिली. क्रियापदं बदलली, पण त्याच्या मनातलं बोलणं आता अहवालासारखं वाटतंय. 'त्याला वाटलं की' तर दर तिसऱ्या वाक्यात.

प्रसंग बदलायचे नाहीत. पुन्हा 'मी'कडेही जायचं नाही, कारण ऑफिसातलं कोणी वाचलं तर माणसं ओळखू येतील. मुदत वगैरे नाही, पण सगळं नव्याने लिहिण्याइतका वेळही नाही. "भरपूर वाचा" हा सल्ला कृपया नको, ते चालूच असतं.

ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी सांगा: 'त्याला वाटलं' न म्हणता पात्राच्या मनातलं तृतीयपुरुषी निवेदनात कसं मिसळता? आणि तिथे काळ भूतच ठेवता की वर्तमानात जाता?