अन्वर अलीला खेळू दिलं, हे शहाणपण की नुसतं नशीब?

कूपरेज_कट्टा (धागाकर्ता)

काल ऑफिसात चहाच्या वेळी फुटबॉलवरून जुंपली. सहकारी म्हणाला, "अन्वर अली बघ, धडधाकट खेळतोय. म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या डॉक्टरांनी त्याची दोन वर्षं फुकट घालवली." मला हे अजिबात पटलं नाही. लाल सिग्नल तोडून कुणी पलीकडे सुखरूप पोचला म्हणून सिग्नल चुकीचा ठरत नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोरगा जालंधर जिल्ह्यातल्या आदमपूरचा, जन्म 2000 चा. आधी स्ट्रायकर, मग मिनर्व्हा अकादमीत सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू झाला. 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक आपल्याकडे झाला, त्या संघात होता. 2018 मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत आपल्या 20 वर्षांखालील पोरांनी अर्जेंटिनाला 2-1 ने हरवलं, त्यातला दुसरा गोल याच्या फ्री किकवर. मुंबई सिटीने त्याला घेतलं. आणि 2019 मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तपासणीत हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं निघालं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. महासंघाच्या वैद्यकीय समितीने खेळू नको असं सांगितलं. 2020 मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने घेतलं, तेव्हाही महासंघ आडवा आला. मग दिल्ली उच्च न्यायालय, वेगवेगळ्या डॉक्टरांची मतं, आणि शेवटी 2021 मध्ये मोकळीक. दिल्ली एफसी, तिथून एफसी गोवा, मार्च 2022 मध्ये बहारीनविरुद्ध भारताकडून पदार्पण.

माझं मत: 2019 चा निर्णय बरोबर होता. 2021 चा निर्णय आपण जुगार म्हणून खेळलो आणि आजवर फासे आपल्या बाजूने पडत आलेत. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला_गोली

जुगार? लेका, जुगार खेळला तो त्या पोरानं, स्वतःच्या जिवावर. तू आणि मी टीव्हीसमोर भडंग खात बसलो होतो.

कोल्हापुरात जन्म गेला माझा, तालमीच्या फुटबॉलमध्ये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची मॅच असली की पेठेतली दुकानं अर्धी बंद. त्या मैदानावर खेळणाऱ्या कुठल्या पोराचा ईसीजी कुणी काढलाय? कुणाचाच नाही. अन्वरचा काढला, त्यात निघालं, म्हणून त्याला घरी बसवला. ज्याचा काढलाच नाही तो खुशाल खेळतोय. हा कुठला न्याय?

आणि हो, त्या अर्जेंटिनाच्या मॅचमध्ये आपण दहा जणांनिशी जिंकलो. लाल कार्ड मिळालं होतं ते आमच्या अनिकेत जाधवला. कोल्हापूरचं नाव असंही निघतं कधीकधी. 😀

स्टेथो

मी हृदयविकाराचा डॉक्टर आहे. फुटबॉल फार कळत नाही, पण इथे दोन्ही बाजूंनी वैद्यकीय भाग अर्धवट मांडला जातोय.

या आजारात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत कारण नसताना जाड होते. बहुतेक वेळा आनुवंशिक. गंमत अशी की कसून व्यायाम करणाऱ्याचं हृदयही जाड होतं. त्यामुळे खेळाडूच्या बाबतीत ईसीजी विचित्र दिसला तरी लगेच शिक्का मारता येत नाही. मग टूडी एको, एमआरआय, चोवीस तास ठोके नोंदवणारं हॉल्टर, ट्रेडमिल, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का याची चौकशी. हे सगळं जोडून हृदय अचानक बंद पडण्याचा धोका काढतात. आणि तो "आहे" किंवा "नाही" असा निघत नाही, कमी-जास्त असा निघतो. अन्वरचा प्रकार एपिकल, म्हणजे हृदयाच्या टोकाकडचा भाग जाड. इतर प्रकारांच्या मानाने हा साधारणपणे सौम्य समजतात. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे.

पूर्वी आम्ही अशा माणसाला सरळ सांगायचो, स्पर्धात्मक खेळ बंद. आता कल बदललाय. रुग्णाला सगळं समजावून, त्याच्याबरोबर बसून ठरवायचं, असं म्हणतात. म्हणजे 2019 चा सल्ला तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर, आणि 2021 ची परवानगी म्हणजे वेडेपणा नव्हे. धागाकर्त्यांची सिग्नलची उपमा इथे बसत नाही. सिग्नल लाल किंवा हिरवा असतो. हा पिवळा होता.

कूपरेज_कट्टा

@स्टेथो, पिवळा हे कबूल. पण पिवळ्यावर गाडी घालायची की थांबवायची हे ठरवायचं कुणी? एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला विचारलं तर तो "घाला" म्हणणारच. घरची परिस्थिती बेताची, हातात दुसरं काही नाही, मिळकत सगळी पायांवर. अशा माणसाची संमती ही खरी संमती नसते, मजबुरी असते.

पेठेतला_गोली

मग त्या न्यायाने गटारात उतरणाऱ्याला, टॉवरच्या परांचीवर लोंबकळणाऱ्या गवंड्याला, खोल समुद्रात जाणाऱ्या खलाशालाही घरी बसव की. त्यांची कुठली संमती? तिथं नाही आठवत कुणाला मजबुरी. फुटबॉलवाला टीव्हीवर दिसतो म्हणून सगळ्यांना त्याची काळजी.

फोंड्याची_माई

@पेठेतला_गोली, आम्हाला टीव्हीवर दिसला म्हणून नाही हो, मैदानावर पडलेला बघितलाय म्हणून काळजी.

5 डिसेंबर 2004. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल, आमचं गोव्याचं धेंपो विरुद्ध कोलकात्याचं मोहन बागान. क्रिस्तियानो ज्युनियर, ब्राझीलचा पोर. पहिला गोल त्याचा, दुसराही त्याचाच. दुसरा मारताना गोलकीपरशी टक्कर झाली, कोसळला, तो उठलाच नाही. धेंपोने कप जिंकला. गोव्यात त्या रात्री एक फटाका वाजला नाही. दहा नंबरची जर्सी क्लबने त्याच्यानंतर कायमची काढून ठेवली. माझे यजमान त्या दिवसापासून पेनल्टी बॉक्समधली टक्कर बघू शकत नाहीत, चॅनल बदलतात.

त्यामुळे 2022 मध्ये अन्वर एफसी गोवाकडे आला तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले. पहिले काही महिने कोविडच्या बबलमध्ये रिकाम्या मैदानात खेळले. पुढच्या मोसमात फातोर्ड्याच्या मैदानावर गेलो. काय खेळतो म्हणून सांगू! मागून चेंडू घेऊन सरळ मधल्या रांगेत घुसायचा, मान वर, आणि तिथून उजवीकडे लांबलचक पास. जुना स्ट्रायकर आहे हे लगेच कळतं. पण एकदा कॉर्नरनंतर प्रतिस्पर्ध्याच्या मागे पूर्ण मैदानभर धावला आणि चेंडू बाहेर गेल्यावर गुडघ्यावर हात टेकून वाकला. नुसता दम खात होता, कुणीही खातो. आमच्या रांगेतल्या सगळ्यांचं बोलणं थांबलं. तो सरळ उभा राहिला तेव्हा शेजारच्या आजोबांनी हळूच छातीवर क्रॉसची खूण केली.

मला विचाराल तर त्याला खेळू दिलं ते बरं झालं. आणि मला विचाराल तर तो माझा मुलगा असता तर मी नसतं खेळू दिलं. जुळत नाही ना? माझंही जुळत नाही.

आणखी एक. वैद्यकीय समितीचे प्रमुख होते डॉ. वेस पेस, मूळचे गोंयकार, टेनिसपटू लिएंडरचे वडील. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं कांस्य मिळवणाऱ्या संघातले. त्यांना खलनायक ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की खेळ सुटणं म्हणजे काय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळलेलं असणार.

ऑफसाइड_नाना

वरच्या प्रतिसादाला +1.

आता थोडं युरोपाकडे. इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची ईसीजीसकट तपासणी कायद्याने सक्तीची आहे. व्हेनेतो भागातल्या अभ्यासात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू जवळपास 90 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. म्हणजे पद्धत चालते. तरीही फिओरेंतिनाचा कर्णधार दाविदे अस्तोरी, हाही बचावपटूच, 4 मार्च 2018 ला सामन्याआधी उदिनेच्या हॉटेलात झोपेत गेला. वय 31. त्याला तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला पुढे 2021 मध्ये खालच्या कोर्टाने शिक्षा सुनावली.

आता सांगा, आपल्या महासंघाच्या डॉक्टरने सही का करावी? पोरगा खेळला आणि चमकला तर श्रेय क्लबचं, पोराच्या जिद्दीचं. पडला तर कागदावरची सही डॉक्टरची.

स्टेथो

नाना, आमच्या धंद्यातलं दुखणं बरोबर पकडलंत. "खेळू नको" लिहिलेला कागद कधीच कोर्टात जात नाही असं आम्ही समजून चालतो. अन्वरने तोही नेला.

पण इटलीची दुसरी बाजू पाहा. ख्रिस्तियन एरिक्सन 12 जून 2021 ला कोपनहेगनला युरो स्पर्धेत कोसळला, मैदानावरच शॉक देऊन परत आणला. छातीत आयसीडी, म्हणजे ठोका बिघडला की आतूनच शॉक देणारं यंत्र बसवलं. इटलीत ते यंत्र घेऊन खेळायला परवानगी नाही, म्हणून इंटर मिलानने डिसेंबरमध्ये करार संपवला. दीड महिन्यात इंग्लंडच्या ब्रेंटफर्डने घेतलं, पुढे मँचेस्टर युनायटेड. तोच माणूस, तेच हृदय. सीमा ओलांडली की खेळायला योग्य. डॅली ब्लिंड हा डच बचावपटूही तसंच यंत्र घेऊन खेळलेला.

कूपरेज_कट्टा

हा मुद्दा मला खरोखर अडवतोय. हृदय तेच असताना नियम देशागणिक बदलत असेल तर "डॉक्टरांचं ऐका" म्हणजे नेमकं कुणाचं? इतपत माघार घेतो. पण त्या परदेशी मैदानांवर रुग्णवाहिका, यंत्रं, शिकलेली माणसं दहा पावलांवर असतात. फॅब्रिस मुआंबाचं हृदय 2012 मध्ये 78 मिनिटं बंद होतं तरी तो वाचला, कारण पहिल्या क्षणापासून छाती दाबणारे हात तिथे होते. आपल्याकडे? डिसेंबर 2019 मध्ये धनराजन, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोन्हीकडून खेळलेला बचावपटू, केरळात सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या सामन्यात कोसळला आणि गेला. हे सगळं अन्वरची फाइल टेबलावर असतानाच घडलं.

पेठेतला_गोली

म्हणजे आता तू माझ्याच बाजूनं बोलायला लागलास. दोष पोराच्या हृदयाचा नाही, मैदानाचा. मैदान सुधारायचं सोडून पोराला बाहेर काढलं.

रिझर्व्ह_बेंच

सगळे हृदयावर बोलताय, खिशावर कुणीच नाही. हाच अन्वर 2023 मध्ये दिल्ली एफसीकडून चार वर्षांच्या लोनवर मोहन बागानला गेला. एका मोसमात ड्युरंड कप आणि लीग शील्ड. 2024 मध्ये करार मोडून थेट कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल! कोलकात्यात याचा अर्थ काय ते सांगायला नको. सप्टेंबरमध्ये महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी घातली आणि मोहन बागानला 12.90 कोटी भरपाई द्या म्हणून अन्वर, ईस्ट बंगाल आणि दिल्ली एफसी या तिघांना फर्मावलं. परत दिल्ली उच्च न्यायालय. चार दिवसांत आदेश मागे, पोरगा मैदानात.

त्यामुळे बिचारा, मजबूर वगैरे आता पुरे. त्याला आपली किंमत कळते. ज्या क्लबने "हृदयात गडबड आहे" हे माहीत असून घेतलं, त्यालाच सोडून गेला.

फोंड्याची_माई

@रिझर्व्ह_बेंच, का नाही जाणार? क्लब खेळाडूला विकतात तेव्हा त्याला व्यवहार म्हणतात आणि खेळाडू निघाला की गद्दारी? एकोणिसाव्या वर्षी ज्याला सांगितलं की तुझं सगळं संपलं, तो पुढच्या दहा वर्षांची कमाई आजच गाठीला मारणार.

कूपरेज_कट्टा

माई, करार हा करार असतो. सही केली की पाळायची. त्याबाबतीत मी रिझर्व्ह_बेंचबरोबर. पण गंमत बघा, 2020 मध्ये ज्याला कुणी मैदानात उतरू देईना, चार वर्षांनी त्याच्यासाठी पावणेतेरा कोटींच्या वर मागतात. माझ्या सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो पुन्हा "बघ, मी म्हणत होतो ना" करणार.

ऑफसाइड_नाना

2023 च्या सॅफमध्ये, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेत, कुवेतविरुद्ध भरपाई वेळेत याने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला होता. सामना 1-1. त्या रात्री लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या, पण एकानेही हृदयाचं नाव काढलं नाही. मला तेव्हा फार बरं वाटलं. वर्षभर आधी हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल मारला तेव्हा प्रत्येक बातमीत आधी आजार, मग गोल. ओन गोलनंतर तो कुणाही डिफेंडरसारखा नालायक ठरला.

पेठेतला_गोली

नाना 🙏

@स्टेथो डॉक्टर, एक विचारतो. ते शॉक देणारं यंत्र, एईडी, केवढ्याला येतं? आणि ते चालवायला डॉक्टरच लागतो का? आमच्या तालमीच्या स्पर्धेची बैठक आहे रविवारी.

स्टेथो

साधारण लाखाच्या आसपास धरून चाला, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. डॉक्टर लागत नाही. पॅड छातीवर चिकटवले की यंत्र स्वतः बोलून सांगतं काय करायचं, गरज नसेल तर शॉकच देत नाही. मात्र प्रत्येक मिनिटाच्या उशिराला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घसरते, आणि यंत्र येईस्तोवर कुणीतरी छाती दाबत राहायला हवं. पंच आणि दोन्ही संघांचे दोन-दोन गडी तासाभरात शिकतात. मी शिकवायला येईन.

ऑफसाइड_नाना

यंत्र घेतलंत तर कपाटात ठेवू नका एवढंच. मी पूर्वी जिथे नोकरीला होतो तिथे क्रीडा दिनासाठी घेतलं होतं. एकदा एक गडी चक्कर येऊन पडला, नुसतं ऊन लागलं होतं नशिबाने. यंत्र आणायला धावलो तर कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर, साताऱ्याला.

पेठेतला_गोली

नाही नाही, बेंचखालीच ठेवू, पाण्याच्या बाटल्यांशेजारी. डॉक्टर, रविवारी संध्याकाळी सहाला या, तालमीतच. बैठकीनंतर मिसळ आमच्याकडून.