घर एका तक्त्यात, दवाखाना दुसऱ्या तक्त्यात: दोघांची गाठ घालावी का?

आकडेमोड्या

परवा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचव्या फेरीतला (२०१९-२१) महाराष्ट्राचा तक्ता चाळत होतो. दवाखान्यात झालेली बाळंतपणे ९४.७ टक्के. आकडा झकास आहे. पण त्या रात्री तिथे डॉक्टर होता का, वीज होती का, रक्ताची सोय होती का? ते या तक्त्यात नाही. ते आरोग्य खात्याच्या दप्तरात असते, आणि हे दोन कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत.

एकेकाळी भेटत होते. २००७-०८ च्या जिल्हास्तरीय पाहणीत (डीएलएचएस-३) देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने ६०१ जिल्ह्यांतल्या सात लाख वीस हजार घरांना प्रश्न विचारले, आणि निवडलेली गावे ज्या उपकेंद्राच्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत येत होती तीही जाऊन तपासली. पुढे ही पाहणी बंद पडली. २०१५-१६ पासून जिल्ह्याचे आकडे कुटुंब सर्वेक्षणातच येऊ लागले. त्यात घरे राहिली, दवाखाने गळाले.

माझे म्हणणे, ही गाठ पुन्हा घाला, आणि आरोग्यापुरतीच नको. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीत प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा नमुन्याचा मूळ स्तर धरला आहे, म्हणजे घरे जिल्ह्याजिल्ह्यातून वेगळी निवडतात. शिकवणीवर घर किती खर्च करते ते पाहणीत कळते, गावच्या शाळेत शिक्षक किती ते यू-डायसमध्ये. लोक शिकवणी हौसेने लावतात की नाइलाजाने, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कसे कळणार?

डोंगरमाथा

कशाला काय जोडणार? नंदुरबारकडे अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात या. नकाशावर केंद्र सात किलोमीटर, पण मध्ये दरी. सरदार सरोवराच्या पाण्याकाठच्या पाड्यांना तर तरंगता दवाखाना आहे. तो नकाशावर नेमका कुठे टोचणार?

दुसरे, आणि मोठे. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. तुमचा माणूस दोन वर्षांनी सासरच्या घरी प्रश्न विचारायला येतो आणि गाठ घालतो सासरच्या उपकेंद्राशी. तिथली सिस्टर तिला कधी भेटलेलीच नाही! म्हणजे सासरचे उपकेंद्र फुकट शाबासकी नाहीतर फुकट शिव्या खाणार.

हिशेबनीस

+१, माहेरचा मुद्दा नेमका आहे. पण तो जोडणीविरुद्धचा मुद्दा नाही, आळशी जोडणीविरुद्धचा आहे. बाळंतपण कुठे झाले हे आजही विचारतातच: घरी, सरकारी की खासगी. तिथेच दवाखान्याचे नाव विचारा. एक ओळ वाढेल.

चौथा मजला

ती एक ओळच घातक आहे. कुटुंब सर्वेक्षणाची ठिकाणे जाहीर करताना नकाशावर मुद्दाम सरकवतात: शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाचपर्यंत, आणि खेड्यांतल्या दर शंभरातले एक ठिकाण दहापर्यंत. का? कारण याच सर्वेक्षणात बाईला नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारतात. वीस घरांच्या पाड्यावर अमुक दवाखान्यात अमुक वर्षी बाळंत झालेली बाई कोण, हे ओळखायला संगणक लागत नाही, किराणा दुकानदार पुरतो.

आणि ठिकाण पाच किलोमीटर सरकवलेले असेल तर 'सर्वांत जवळचे केंद्र' निघते भलतेच. झाकले तर जोडता येत नाही, जोडले तर झाकता येत नाही.

आकडेमोड्या

@चौथा मजला, जोडणी पाहणी करणाऱ्या संस्थेने आतल्या आत करावी. बाहेर फक्त अंतर आणि दवाखान्याचा दर्जा द्यावा, नाव-गाव नाही.

चौथा मजला

आतल्या आत म्हणजे कुणाच्या आत? घरमालकही डेटा आतच ठेवतो म्हणतो, आधारची झेरॉक्स मात्र वडापावच्या पुड्यात सापडते. २००८ च्या सांख्यिकी कायद्यानुसार माहिती फक्त आकडेवारीसाठी वापरायची. उद्या एखाद्या योजनेच्या लाभार्थी यादीशी कुणी 'फक्त एकदा' ताडून पाहिली, की पुढच्या फेरीत लोक दार उघडणार नाहीत.

निळी नोंदवही

मी उपकेंद्रात काम करते, कुठल्या ते विचारू नका. आरोग्य खात्याचे दप्तर आता पोर्टलवर असते, तिथे आकडे कसे भरले जातात ते मला माहीत आहे. नेट संध्याकाळी येते. मागचा महिना समोर ठेवून नवा महिना भरताना मी पाहिले आहे, आणि खोटे का बोलू, कधी कधी मीही तेच केले आहे. शौचालय आहे? हो. पाणी आहे? तो रकाना 'हो'च असतो.

दादा, तुम्ही दोन गोष्टी एकात कालवल्यात. डीएलएचएसमध्ये बाहेरचा माणूस येऊन कपाट उघडून औषधे बघत होता. तुम्ही आता जोडताय ते आम्ही स्वतःच भरलेले पोर्टल. घरचा आकडा खरा, आमचा पढवलेला, अन् दोघांचे लग्न लावून निघालेल्या पोराला तुम्ही शास्त्र म्हणणार.

हिशेबनीस

वा सिस्टर! शिवाय केंद्र उघडतात तेच जिथे हाल जास्त तिथे. डोंगरी-आदिवासी भागात २० हजार माणसांमागे एक केंद्र, सपाटीवर ३० हजारांमागे. मग तक्ता सांगणार की केंद्रे दाट तिथे मुले जास्त कुपोषित. एखादा हुशार सचिव म्हणेल, केंद्रेच बंद करा.

पायपीट

मी पाहण्यांमध्ये मुलाखती घेतल्यात. दुसरा तास सुरू झाला की बाई चुलीकडे बघायला लागते आणि उत्तरे 'तेवढंच लिहा' होतात. म्हणून ओळ वाढवण्याच्या मी विरोधात. पण २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत एक चांगले केले: प्रश्नावलीचे तीन भाग, एकाच घरी तीन महिन्यांत तीन फेऱ्या. तिन्ही वेळा आम्ही गावात असतोच. त्यातल्या एका फेरीला शाळा आणि उपकेंद्र डोळ्यांनी पाहून यायला अर्धा दिवस लागेल. वेगळा भत्ता द्या म्हणजे झाले. (देणार नाहीत.)

आकडेमोड्या

सिस्टरांचे मान्य. पोर्टलची जोडणी मागे घेतो. मला हवी आहे ती पायपीट म्हणतात तशी, डोळ्यांनी पाहिलेली.

डोंगरमाथा

आणि माहेर?

आकडेमोड्या

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आरोग्य नंतर बघू. शाळेपासून सुरू करू, शाळेला माहेर नसते.

डोंगरमाथा

आश्रमशाळा विसरलात. पोर धडगावचे, शाळा तळोद्याला. वसतिगृहात राहते म्हणून घरच्या माणसांत तुम्ही त्याला मोजतही नाही.