मदत हवी आहे: 22 महिन्यांच्या मुलाची दुधाची बाटली कशी सोडवू?

लेक 22 महिन्यांचा आहे. दिवसाला 240 मिलीच्या चार बाटल्या गाईचं दूध पितो. सकाळी उठल्यावर, दुपारी आणि रात्री झोपताना, आणि चौथी पहाटे तीनला. म्हणजे जवळजवळ लिटरभर. जेवण नावालाच. वरणभाताचे चार घास झाले की तोंड फिरवतो, मग "काही खाल्लं नाही बिचाऱ्याने" म्हणत आम्हीच पुन्हा बाटली भरतो. चूक आमचीच, कळतंय.

गेल्या आठवड्यात हिमोग्लोबिन 9.2 आलं. या वयात निदान 11 हवं. डॉक्टर म्हणाल्या, दुधात लोह नसल्यातच जमा, वर दुधाने पोट भरलं की बाकीचं खाणं मागे पडतं. दूध दिवसाला 400-500 मिलीच्या आत आणा, आणि बाटली तर दीड वर्षापर्यंत सुटायलाच हवी होती. लोहाचं औषध सुरू केलंय. शिवाय वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसतेय. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे दात तिथूनच किडायला लागतात म्हणे. दंतवैद्यांची वेळ घेतलीय.

दोन सिपर आणून झाले, दोन्ही चावायच्या कामी आले. फुलपात्रातून पाणी मजेत पितो. त्याच फुलपात्रात दूध दिसलं की आधी बोट बुडवून बघतो आणि मग सावकाश, माझ्याकडे बघत, चटईवर ओततो.

तरी दिवसाचं जमेल. अडलंय ते पहाटेच्या बाटलीपाशी. अंधारात उठून बसतो आणि "बाट्टी" अशी हाक मारतो. दोन मिनिटं रडला की सासूबाई भरलेली बाटली घेऊन दारात हजर. त्यांना काही बोलवत नाही. मी साडेसातची लोकल पकडते, दिवसभर त्याच त्याचं सगळं बघतात. बोंडल्याने पाजलं असतं तर ही वेळ आली नसती, असं त्यांचं म्हणणं. (खरंही असेल.) परवा निपलला कडुनिंबाचा रस लावू म्हणाल्या, मीच नको म्हटलं.

पहाटेची बाटली एकदम बंद करायची की हळूहळू? मध्ये काही दिवस दूध अजिबात प्यायला नाही तर चालतं का? आणि घरातल्या मोठ्यांना तुम्ही कसं सांगितलंत?

प्रतिसाद:
आमच्या लेकीची 20व्या महिन्यात सुटली. आधी बाटली पलंगावरून हलवली. रात्रीचं दूध बाहेरच्या खोलीत, दिवा चालू ठेवून, मग दात घासून झोप. पहाटेच्या बाटलीत दर दोन दिवसांनी 30 मिली दूध कमी आणि तेवढंच पाणी जास्त. शेवटी नुसतं पाणी उरलं तेव्हा बाईसाहेब उठेनाशाच झाल्या. त्यानंतर तिने पंधरा दिवस दुधाला तोंड लावलं नाही. दही, पनीर, नाचणीची खीर यांवर भागलं, आणि भूक लागायला लागल्यावर पोळी-भाजीही खाऊ लागली.
लोहाचं औषध दुधासोबत देऊ नका, नीट शोषलं जात नाही. नंतर मोसंबीची फोड द्या. शी काळी झाली तर घाबरू नका.
दंतवैद्यांकडे सासूबाईंनाच घेऊन जा. ती रेघ त्यांना डॉक्टरांनी दाखवू दे. सुनेने सांगणं वेगळं.

धागाकर्ती:
ताई, खूप आभार. शनिवारी सासूबाईंना घेऊन गेले होते. बाहेर आल्यावर रिक्षात काही बोलल्या नाहीत. घरी येऊन स्वतःच मापाचा कप शोधून काढला. काल पहाटे 210 दूध, 30 पाणी. पठ्ठ्याने एक घोट घेऊन बाटलीकडे बघितलं, मग पिऊन टाकली. उद्या 180.